वरचा रिकामा भाग

बाबांच्या निवृत्तीला मी त्यांना एक फ्रेम दिली होती. दीड हात रुंद सागवानी चौकट, आत त्यांच्यावर छापून आलेला लेख मी स्वतः नव्याने मांडलेला आणि मधोमध त्यांचा फोटो. ती आधी क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत लागली. पुढे क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या घरी आलो, तेव्हा तिथला पहिला खिळा तिच्यासाठीच ठोकला गेला. येणारा-जाणारा तिचं कौतुक करायचा आणि आई अभिमानाने सांगायची, ‘‘आमच्या मुलीने केलीय.’’ मला दर वेळी वाटायचं, ही एकदा खाली पडावी, काच फुटावी आणि विषय संपावा. पण खिळा बाबांनी ठोकलेला होता, आणि त्यांनी ठोकलेले खिळे निघत नसत.

बाबा भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते. वर्ध्याकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आम्ही पिपलानीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण दोन्हीत. ज्या शेडमध्ये बाबा काम करायचे तिथे छतालगत रुळांवरून धावणारी मोठी क्रेन होती. क्रेन चालवणारा वर, लोखंडी केबिनमध्ये बसायचा आणि बाबा खाली उभे राहून त्याला इशारे द्यायचे. त्या खणखणाटात ओरडून उपयोग नसे, म्हणून सगळं हातांनी चालायचं. बोट वर करून फिरवलं की उचल, बोट खाली करून फिरवलं की सोड, पंजा उघडा धरला की थांब.

वरच्या केबिनमध्ये अठरा वर्षं एकच माणूस बसत होता. विदिशेकडच्या एका खेड्यातला, किडकिडीत, बारीक मिशीचा. आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणायचो. बाबा त्यांना उस्ताद म्हणत आणि ते बाबांना फोरमन साब. चाचांचं क्वार्टर आमच्या समोरच, पहिल्या मजल्यावर होतं. त्यामुळे कारखान्यातली ही हातांची भाषा गल्लीतही चालायची. रविवारी बाबा अंगणात उभे राहून बोट खाली करून फिरवायचे, म्हणजे खाली या, चहा झालाय. चाचा गॅलरीतून पंजा दाखवायचे, म्हणजे थांबा, दाढी चाललीय. आई वैतागून म्हणायची, ‘‘देवाने तोंडं दिलीयत ना दोघांना, ती वापरा की.’’ मग दोघं चहा पीत बसायचे आणि तेव्हाही फारसं बोलायचे नाहीत.

आता त्या लेखाविषयी सांगते. टाउनशिपमधल्या मराठी मंडळाची गणपतीत एक स्मरणिका निघायची. अर्धी पानं जाहिरातींची, उरलेल्या पानांत अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, आणि ज्यांचं मनोगत राहून गेलं त्यांच्या कविता. एका वर्षी तिच्यात बाबांवर लेख आला, कारण त्या वर्षी शेडमध्ये एक गोष्ट घडली होती. भलामोठा रोटर खाली उतरवला जात असताना एका साखळीने जागा सोडली आणि रोटर एका अंगाला कलला. खाली चार माणसं होती. बाबांनी पंजा उघडला, क्रेन जागच्या जागी थांबली, माणसं बाजूला झाली. कुणाला खरचटलंही नाही. आठवड्याने फोटोग्राफर आला आणि त्याने तोच प्रसंग पुन्हा उभा करून फोटो काढला. खाली बाबा, हात उंच करून पंजा उघडलेला, आणि वरच्या कोपऱ्यात केबिनमधून वाकून पाहणारे चाचा. चाचांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हे मला आठवतं, कारण इस्त्री आमच्याकडून नेली होती.

मंडळाचे सचिव लेख लिहून बाबांना दाखवायला आले. बाबांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘‘यात एक राहिलंय. मी पंजा उघडला तेव्हा क्रेन आधीच थांबलेली होती. रोटर कललेला वरून त्याला माझ्या आधी दिसला. हे येणार असेल तर छापा, नाहीतर लेखच नको.’’ सचिवांना ते पटलं नाही. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मराठी माणसाचं कौतुक असावं, एवढाच त्यांचा हिशोब. पण बाबा अडून बसले. लेख तर लिहून झालेला, मग सचिवांनी शेवटी एक परिच्छेद जोडला. त्यात चाचांचं पूर्ण नाव, त्यांचं गाव, आणि त्या दिवशी चार माणसं वाचली ती त्यांच्यामुळे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

स्मरणिका हातात आली त्याच संध्याकाळी बाबा ती घेऊन समोर गेले. मीही बरोबर होते. चाचा पाचवीपर्यंत शिकलेले, हिंदी वाचायला यायचं, आणि अक्षरं तर तीच. ओठ हलवत त्यांनी सगळा लेख वाचला, कळलं किती कोण जाणे. शेवटी नावापाशी आले आणि तिथेच थांबले. बाबा म्हणाले, ‘‘रख लो उस्ताद, तुम्हारी है.’’ चाचांनी ती बंद करून परत दिली. ‘‘आप ही रखो फोरमन साब. मेरे यहाँ तो बच्चे हवाई जहाज बना देंगे इसका.’’ मुलं शिकायला चाचांकडे होती, चाची मात्र तेव्हा गावी असायच्या, शेती आणि सासू सांभाळत. त्यांना ते छापलेलं नाव पाहायला मिळालंच नाही.

मी पुढे महाराणा प्रताप नगरातल्या एका हिंदी दैनिकात पेस्टिंगला लागले. आता ते काम उरलेलं नाही, म्हणून सांगते. मजकूर कंप्युटरवर टाइप होऊन लांबलचक कागदी पट्ट्यांवर छापून यायचा. त्या पट्ट्या कटरने कापून, मागे रबर सोल्यूशन लावून, मोठ्या तक्त्यावर चिकटवायच्या, की झालं वर्तमानपत्राचं पान. आमच्या प्रमुखांनी मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या. मजकूर जास्त झाला की खालून कापायचा, कारण महत्त्वाचं सगळं बातमीत वरच असतं. आणि फोटोत रिकामी जागा ठेवायची नाही, माणूस मोठा दिसला पाहिजे. मी या कामात तरबेज झाले. पान पाहून कुठून किती जाईल हे मी मोजपट्टी न लावता सांगायचे, आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती.

बाबांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा मी घरात जाहीर केलं की त्यांच्या लेखाची फ्रेम करणार. स्मरणिकेतली छपाई गचाळ होती. मथळा वाकडा, फोटो काळपट, लेखाच्या मध्येच एका मिठाईवाल्याची जाहिरात. मी तो लेख नव्याने टाइप करून घेणार, नीट मांडणार, आणि बाबांच्या कपाटातला मूळ फोटो वापरणार. बाबा ‘कशाला’ म्हणाले, पण खूश झाले. त्यांनी स्मरणिका आणि फोटो दोन्ही माझ्या हातात दिले.

बातमी समोरच्या गॅलरीपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर चाचा खाली उभे होते.

‘‘सुना है फ्रेम बना रही है, बिटिया. उसमें अपना नाम भी आएगा ना?’’

‘‘आएगा चाचा. पूरा लेख है, नाम कहाँ जाएगा?’’

‘‘तेरी चाची अब यहीं आ गई है. उसको कित्ती बार बताया कि अपना नाम छपा है, मानती ही नहीं. काँच के पीछे देखेगी तो मानेगी.’’

मी हसले आणि मिनीबस पकडली. इतकं सोपं वचन मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल.

आमच्या ऑपरेटरने दुपारच्या सुट्टीत लेख टाइप करून दिला. मोजपट्टी लावली तर मजकूर नऊ सेंटीमीटर जास्त भरला. टाइप बारीक करता आला असता, पण मग बाबांना चष्मा लावून वाचावं लागलं असतं. फोटो लहान करता आला असता, पण फोटो लहान करायला मी काय वेडी होते? मी शेवटचा परिच्छेद मोजला. बरोबर नऊ सेंटीमीटर. मला अगदी आनंद झाला, इतकं नेमकं माप क्वचित जमतं. मी तो लेख वाचला नाही, मोजला. कटर फिरवला आणि तो तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला.

मग फोटो. बाबा मधोमध, आणि वर चार बोटं नुसता काळोख, त्यात लोखंडाच्या तुळया आणि एका कोपऱ्यात काहीतरी. मूळ फोटो होता तो, त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. पण आमच्या टेबलावर मूळ काय आणि प्रत काय, सगळं सारखंच. मी वरची चार बोटं रुंदीची पट्टी कापली. ती पट्टी टेबलाखालच्या टोपलीत पडली. खाली बाबा एकदम मोठे दिसू लागले.

उरलेल्या वेळात मी काय केलं तेही सांगते, म्हणजे मी किती मन लावून काम केलं हे कळेल. हिंदी दैनिकाच्या टाइपात ळ नव्हता. ऑपरेटरने सगळीकडे ल टाकला होता. मंडलाचे, वेली, सांभालून. मी बारीक पेनाने एकेका ल वर पांढरा रंग लावून त्या जागी ळ काढला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दोन दुपारी. ळ शोधताना मी ओळीन्‌ओळ तपासली, पण एकही वाक्य वाचलं नाही. त्या लेखात माझं सगळं लक्ष होतं, फक्त माणसांकडे नव्हतं.

फ्रेम करायला न्यू मार्केटमधल्या एका दुकानात दिली. समारंभाच्या आदल्या दिवशी घ्यायला गेले. दुकानदाराने ती काउंटरवर उभी केली, फडक्याने काच पुसली आणि म्हणाला, ‘‘बाबूजी हाथ किसको दिखा रहे हैं, मैडम? चुनाव लड़ रहे हैं क्या?’’

मी हसले. खरंच तसं दिसत होतं. हात उंच, पंजा उघडा, समोर कुणीच नाही. सभेत उभा राहिलेला उमेदवारच जणू. आणि हसता हसता मला आठवलं की हात कुणाला दाखवलाय.

मी काउंटरवरच लेख वाचला. पहिल्यांदा, नीट, सगळा. चाचांचं नाव कुठेच नव्हतं.

इथे थांबून खरं सांगितलं पाहिजे, कारण पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की ती चूक होती. चूक तोपर्यंतच होती. तो नऊ सेंटीमीटरचा तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होता. ऑफिस तिथून बसने थोड्या अंतरावर. समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तोवरचा वेळ हातात होता. दुकानदार माझा चेहरा पाहून म्हणालाही, ‘‘खोलना है क्या? खोल देता हूँ, दस मिनिट का काम है.’’ मी फ्रेमकडे पाहिलं. इतकी सुंदर झाली होती. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी, खाली हवी तेवढी मोकळी जागा. तो परिच्छेद घातला असता तर सगळं पुन्हा कोंबावं लागलं असतं. मनात म्हटलं, फ्रेममधला मजकूर कोण वाचतं? लोक फोटो पाहतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यांनाच माहीत असतं.

‘‘नहीं, रहने दीजिए,’’ मी म्हटलं.

समारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, कचोरी. फ्रेम टेबलावर मांडली होती, सगळे जवळ जाऊन पाहत होते, आणि खरोखरच कुणी वाचत नव्हतं. चाचांची त्या दिवशी दुसरी पाळी होती, त्यामुळे ते आले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी बाबांनी अंगणात उभं राहून बोट खाली फिरवलं. गॅलरीतून चाचांनी पंजा दाखवला नाही, लगेच निघाले. त्यांच्या मागोमाग जिन्यावरून चाची उतरल्या. नवी कोरी साडी, डोक्यावर पदर, पायांत सणासुदीच्या चपला. आमच्याकडे चहाला येण्यासाठी त्यांना कधी असं सजलेलं मी पाहिलं नव्हतं.

फ्रेम भिंतीवर लागली होती. चाचा तिच्यापुढे उभे राहिले आणि वरून वाचू लागले, तसेच ओठ हलवत. मी दारात उभी होते. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मान हळूहळू खाली येताना दिसत होती. ती शेवटच्या ओळीपर्यंत आली. मग पुन्हा वर गेली आणि पुन्हा हळूहळू खाली आली. मग त्यांनी फोटो पाहिला. फोटोच्या वरच्या कडेपाशी त्यांनी बोट नेलं आणि खाली घेतलं.

चाची शेजारी वाट पाहत होत्या. ‘‘कहाँ लिखा है?’’ त्यांनी विचारलं.

चाचांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हात उचलला आणि वरून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे बाबांच्या जन्मगावाचं नाव होतं.

‘‘ये रहा,’’ ते म्हणाले.

चाचींना अक्षरओळख नव्हती. त्या पुढे झाल्या, पदराच्या टोकाने काच पुसली आणि त्याच जागी स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. ‘‘सच्ची में,’’ त्या म्हणाल्या. चाचा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘बहुत सुंदर बनी है बिटिया.’’ आवाजात राग नव्हता. मला त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं. बाबा चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि चाचांना बिस्किटं घ्यायचा आग्रह करू लागले. बाबा कुणाला आग्रह करत नसत.

ते गेल्यावर बाबा फ्रेमजवळ गेले. शेवटच्या ओळीपाशी वाकून पाहिलं.

‘‘शेवटचा परिच्छेद कुठंय?’’

‘‘बसत नव्हता, बाबा.’’

‘‘आणि फोटो?’’

‘‘वरचा भाग रिकामा होता.’’

‘‘रिकामा नव्हता,’’ बाबा म्हणाले.

मी रडायला लागले. म्हटलं, उद्याच उघडून आणते, परिच्छेद माझ्याकडे आहे, सगळं पुन्हा करते. बाबांनी पंजा उघडून मला थांबवलं, शेडमध्ये थांबवायचे तसं. ‘‘आता हात लावू नको. त्याने बायकोला दाखवलंय. उद्या नाव दुसरीकडे निघालं तर तो खोटा पडेल.’’ माझ्या हातचं काम दुरुस्त करता येण्याजोगं असताना मी केलं नव्हतं, आणि आता मला करायचं होतं तर चाचांनी माझ्यासाठी केलेला खोटेपणा आड आला होता.

चाचा पुढेही येत राहिले. भांडण वगैरे काही झालं नाही. फक्त त्यांनी बसायची जागा बदलली. पूर्वी ते भिंतीसमोरच्या खुर्चीत बसायचे, आता फ्रेमच्या खाली वेताच्या बुटक्या मोड्यावर बसू लागले. बाबांनीही आपली खुर्ची फिरवून घेतली. दोघं म्हातारे फ्रेमकडे पाठ करून चहा प्यायचे आणि आईला वाटायचं, पंख्याचा वारा तिकडे जास्त लागतो.

मग आम्ही क्वार्टर सोडलं. दोन वर्षांनी चाचाही निवृत्त झाले. त्या दिवशी मी मुद्दाम भेटायला गेले, माफी मागायचीच असं ठरवून. पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि समोरच्या लोकांना सांगितलं, ‘‘इसके हाथ में बड़ा हुनर है.’’ मी त्यांना अहेराचं पाकीट दिलं, दोन गुलाबजाम खाल्ले आणि माफी न मागताच परत आले. तशी संधी पुन्हा मिळाली नाही. ते मुलाकडे अवधपुरीला राहायला गेले, आणि काही वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा एकटेच जाऊन आले. संध्याकाळी ते अंगणात उभे होते आणि समोर कुणाचीच गॅलरी नव्हती.

बाबाही गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी फ्रेम उतरवली. खिळा निघाला नाहीच. कपाटात रबर बँड लावलेली स्मरणिका तशीच होती, मिठाईवाल्याच्या जाहिरातीसकट. आता सगळं कंप्युटरवर होतं. मी लेख पुन्हा मांडला, पूर्ण, शेवटच्या परिच्छेदासकट. टाइप जरासा बारीक केला, आणि सगळं सहज बसलं. फोटोसाठी मात्र स्मरणिकेतलाच काळपट फोटो स्कॅन करावा लागला. वरच्या कोपऱ्यात केबिन होती, तिच्यात एक करडा ठिपका. कितीही मोठा केला तरी त्याला चेहरा फुटत नव्हता. इस्त्रीचा शर्ट तर नाहीच. जो फोटो माझ्या हातात होता त्यात तो स्वच्छ दिसत होता, आणि त्याची पट्टी मी टोपलीत टाकली होती.

बाबांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, ते मी विसरले नव्हते. पण दोघंही गेले होते, आता कोण खोटं पडणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला मोकळं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

नवी फ्रेम घेऊन मी अवधपुरीला गेले, तेव्हा चाची अंगणात ऊन खात बसल्या होत्या. खूप थकलेल्या, डोळ्यांना जाड भिंगं. मला ओळखलं, कवटाळलं, बाबांसाठी डोळे पुसले. मी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी फोटोवरून हात फिरवला. ‘‘ये ऊपर दाग कैसा है?’’

‘‘दाग नहीं चाची, चाचा हैं. क्रेन में बैठे हैं.’’

‘‘हओ,’’ त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, ‘‘और नाम?’’

हाच तो क्षण होता, ज्यासाठी मी आले होते. मी त्यांचा हात धरला आणि शेवटच्या परिच्छेदावर, चाचांच्या नावावर नेला. ‘‘ये देखिए. यहाँ.’’

चाचींनी हात सोडवून घेतला. ‘‘यहाँ कहाँ? ऊपर था. ऊपर से दूसरी लकीर में. उन्होंने बताया था, मैंने याद कर लिया था, कि कभी अकेली आऊँ तो ढूँढ लूँ. तुम्हारे घर जब भी आती थी, छू के जाती थी.’’

सगळं खरं सांगायची तयारी करून आले होते, वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती.

‘‘हाँ चाची,’’ मी म्हटलं. ‘‘वहीं था. इस बार नीचे आ गया.’’

त्यांनी बोटाने वरून ओळी मोजल्या, एक, दोन, आणि दुसऱ्या ओळीवर, बाबांच्या गावाच्या नावावर, बोट टेकवलं.

‘‘ऊपर ही ठीक था,’’ चाची म्हणाल्या. ‘‘वहीं रहने देती.’’